पूर्व तिमोर २००७: सरकार बनवायचा पहिला मान कोणाचा?

सावली
आग्नेय आशियातला पूर्व तिमोर २० मे २००२ला स्वतंत्र झाला, पण तिथली संसदेची पहिली निवडणूक झाली ३० जून २००७ला. तोवर २००१ची संविधान सभाच संसद म्हणून चालली. ६५ पैकी तोवर सत्तेत असलेल्या फ्रेटिलिन पक्षाला २१ जागा, झनाना गुस्माव यांच्या सीएनआरटी पक्षाला १८. तरी राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता यांनी सरकार बनवायला बोलावलं गुस्मावना. माझ्या मते हा अन्याय होता. राज्यघटनेच्या १०६व्या कलमात सर्वाधिक मतं मिळालेला पक्ष आधी येतो.

नदीकाठ
साफ असहमत. कलम अर्धंच वाचलंत. पुढे ‘किंवा संसदेत बहुमत असलेली आघाडी’ असंही आहे. गुस्मावांसोबत आलेले पक्ष धरून सीएनआरटी १८, एएसडीटी-पीएसडी ११, पीडी ८, म्हणजे ३७. बहुमत सरळ दिसत होतं.
आणि फ्रेटिलिन २००१ला ५७ टक्के मतांवर होती, ती २९वर का आली? २००६ मध्ये सुमारे ६०० सैनिकांना काढून टाकलं, मग राजधानी दिली शहरात सैनिक आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडत होते. दीड लाखाच्या आसपास लोक घरं सोडून पळाले. वर्ष उलटून मतदान आलं, तरी विमानतळाजवळच्या छावणीत माणसं तंबूतच होती. त्यांनी कोणाला मत द्यायचं?

म्हापशेकर
सावलीशी सहमत. आमच्या गोव्यात २०१७ला ४० पैकी काँग्रेसच्या १७ आणि भाजपच्या १३ जागा, सरकार भाजपचं. मतदान करून आलेल्या माणसाला किती फसल्यासारखं वाटतं, ते आम्ही बघितलंय.

सावली
छावणीतल्या लोकांचा राग मान्य. पण आघाडी जमली मतदान झाल्यावर. तिथे अख्खा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला. लोकांनी ३७ची यादी पाहिलीच नव्हती. गुस्मावांचं नाव जाहीर होताच बाऊकाऊ, विकेके या जिल्ह्यांत घरं पेटली. जाळपोळीचं समर्थन नाहीच, पण ती टाळता आली असती.

नदीकाठ
कशी? रामोस-होर्तांनी महिनाभर सगळ्यांना एकत्र बसवून सर्वपक्षीय सरकारसाठी खटपट केली, जमलं नाही. आणि सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवायचा तुमचा उपाय २०१७ला करून झालाय. फ्रेटिलिन २३, सीएनआरटी २२. फ्रेटिलिनचे नेते अल्काटिरी पंतप्रधान झाले, अल्पमतातल्या सरकारचा कार्यक्रम संसदेत मंजूर होईना, २०१८ला गरीब देशाला पुन्हा निवडणूक घ्यावी लागली.

सावली
बंद दाराआडच्या बैठका वेगळ्या आणि संसदेत सगळ्यांदेखत झालेलं मतदान वेगळं. २०१७ला अल्काटिरी तिथे हरले, हे त्यांच्या समर्थकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि २००७सारखी जाळपोळ झाली नाही. दुसऱ्या निवडणुकीचा खर्च मला त्यापुढे जड वाटत नाही.