प्रोटीन सीसाठी एचपीसी-४ अँटीबॉडी : वेस्टर्न ब्लॉटवर बँड येत नाही, मदत हवी आहे

नीलपर्ण : नमस्कार. मानवी प्लाझ्मातील प्रोटीन सी (रक्त गोठण्याला आळा घालणारे प्रथिन) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने जेलमध्ये वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवून, पाहण्यासाठी मी एचपीसी-४ ही उंदराची मोनोक्लोनल (एकच ठरावीक तुकडा ओळखणारी) अँटीबॉडी वापरत आहे. अँटीबॉडीचे प्रमाण वाढवले, एक्स्पोजर लांबवले, नवी कुपीही उघडली, तरी मेम्ब्रेन कोरेच राहते. मार्गदर्शकांना निकाल लवकर हवा आहे, त्यामुळे नेमके काय बदलावे एवढेच कृपया सांगावे.

मुक्ता : एवढ्या माहितीवरून काहीच सांगता येणार नाही. लेनमध्ये प्लाझ्मा किती घातला, नमुना रिड्यूस केला होता का (म्हणजे प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणारे डायसल्फाइड बंध तोडले होते का) आणि धुण्याचा बफर कोणता होता? प्लाझ्मामध्ये प्रोटीन सी मिलिलिटरला जेमतेम ४ मायक्रोग्रॅम असते आणि अल्ब्युमिन त्याच्या सुमारे १०,००० पट. रिड्यूस न करता जेल चालवल्यास ६२ किलोडाल्टनचे प्रोटीन सी अल्ब्युमिनच्या जाड पट्ट्याला खेटून येते आणि तो भाग वाचण्याजोगा राहत नाही.

शोधयात्री : माझ्या अनुभवाप्रमाणे मोनोक्लोनलचा हट्ट सोडून चांगली पॉलिक्लोनल अँटीबॉडी घ्यावी. ती अनेक एपिटोप (प्रथिनाचे अँटीबॉडी जिथे चिकटते ते भाग) ओळखते, म्हणून बँड हमखास मिळतो.

मुक्ता : बँड मिळेल, पण तो प्रोटीन सीचाच आहे हे पुन्हा सिद्ध करावे लागेल. कारण शोधण्याआधी अँटीबॉडी बदलणे मला पटत नाही.

अभ्यासक : रुग्ण वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे औषध) घेत आहेत का, हेही पाहावे. प्रोटीन सीचे अर्धायुष्य सुमारे ८ तास आणि रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचे सुमारे ६० तास असल्यामुळे उपचाराच्या सुरुवातीला प्रोटीन सी आधी घटते आणि काही काळ गुठळी होण्याचा धोका उलट वाढतो.

नीलपर्ण : नमुने निरोगी व्यक्तींचे आहेत; वॉरफरिनचा संबंध नाही. रक्त ईडीटीएच्या (कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेतले होते आणि नमुने रिड्यूस केलेले आहेत. धुण्यासाठी फॉस्फेट बफर, ट्वीन आणि २ मिलिमोलर ईडीटीए हे आमच्याकडे सर्व ब्लॉटना चालणारे मिश्रण वापरले. सोबत शुद्ध प्रोटीन सीची एक लेन होती, तेही थ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बोमॉड्युलिनने सक्रिय केलेले. ती लेनसुद्धा कोरी आहे.

शोधयात्री : मग दोष नळीचा आहे. ईडीटीएने ग्ला भागातील (प्रोटीन सीच्या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या भागातील) कॅल्शियम काढून घेतले आणि प्रथिनाचा आकार बिघडला. सायट्रेटमध्ये नव्याने रक्त घ्यावे.

मुक्ता : हे बरोबर नाही. सायट्रेटही कॅल्शियम बांधूनच ठेवते, आणि नळीतले ईडीटीए जेल व ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेनवर उरत नाही. एचपीसी-४ ग्ला भागाला चिकटतच नाही. ती जड साखळीच्या सुरुवातीचा, सक्रियण पेप्टाइडला ओलांडून जाणारा १२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखते आणि त्यासाठी तिला कॅल्शियम लागते. हाच तुकडा टॅग (ओळखखूण) म्हणून ग्ला भाग नसलेल्या प्रथिनांना जोडला, तरी कॅल्शियमची गरज कायम राहते. म्हणूनच त्या टॅगचे प्रथिन कॉलमवरून ईडीटीएने सौम्यपणे सोडवता येते. नीलपर्ण, तुमच्या बफरमधल्या ईडीटीएमुळे प्रत्येक धुण्याला नेमके हेच घडत आहे : अँटीबॉडी सुटून जात आहे.

नीलपर्ण : म्हणजे त्याच बफरमधून ईडीटीए वगळून कॅल्शियम घालू का?

मुक्ता : नको, फॉस्फेटबरोबर कॅल्शियमचा साका बसेल. ट्रिस बफर घ्या, त्यात १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड ठेवा, आणि ब्लॉकिंगपासून दुय्यम अँटीबॉडीनंतरच्या शेवटच्या धुण्यापर्यंत तोच बफर वापरा. रिड्यूस केलेल्या नमुन्यात बँड ४१ किलोडाल्टनजवळ शोधा. सक्रिय केलेल्या प्रोटीन सीची लेन मात्र कॅल्शियम असूनही कोरीच राहील, कारण सक्रियणात तो तुकडा मधोमध कापला जातो. नियंत्रणासाठी सक्रिय न केलेले शुद्ध प्रोटीन सी शेजारी चालवा. सक्रिय रूप दाखवायचेच असेल, तर जड साखळीचा दुसरा भाग ओळखणारी अँटीबॉडी लागेल, आणि तेवढ्यापुरते शोधयात्रींचे पॉलिक्लोनल उपयोगी पडू शकेल.