मदत हवी आहे : दिवंगत माजी विद्यार्थ्यांची यादी आणि नामफलक (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी. एका छोट्या ख्रिस्ती महाविद्यालयाच्या दिवंगत माजी विद्यार्थ्यांची नावे २ नोव्हेंबरच्या स्मरण-उपासनेत वाचायची आहेत, मग काळ्या ग्रॅनाइटवर कोरायची आहेत. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमधली (प्रवेशाच्या नोंदवहीतली) नावे चर्चच्या दफन नोंदवहीशी ताडतो आहोत. मुलींच्या नावांपाशी गाडी अडते : रजिस्टरात माहेरचे नाव, दफन नोंदीत सासरचे. जन्मतारखेवरून जुळवावे, तर दफन नोंदीत नुसते वय. विवाह नोंदवहीत दोन्ही नावे सापडतात, पण लग्न परगावच्या चर्चमध्ये लागले असेल तर? नातेवाइकांच्या दुजोऱ्याशिवाय नाव घेत नाही; हयात माणसाचे नाव वाचले गेले तर तोंड कुठे लपवायचे!

फलक ३ फूट बाय २ फूट, अक्षरे अर्धा इंच. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार सरकतो, 'मार्था'चे 'माथार्' होते. दगडावर खाडाखोड नाही, म्हणून कागदी प्रूफ दोघांनी वाचायचे.

जोडाक्षरे नीट कोरणारा कारागीर सांगली-मिरजेत कोण? अक्षरांतला सोनेरी रंग उन्हापावसात टिकतो का, की रंग न भरलेलाच बरा? पुढच्या नावांना जागा सोडावी की वेगळी पट्टी लावावी? आणि परगावच्या पाळकांकडे विवाह नोंदी पाहायला अर्ज कसा करतात?