पाच वर्षांत परत या म्हणे! कोणाची पाच वर्षं, गुरुजी?

जुबेलचा_कारंजेकर
गुरुजींनी परवा लिहिलं का गल्फले गेलेल्या पोट्ट्याईनं पाच वर्षं कमवावं अन् गुमान गावी यावं, त्याच्यापुढं जो थांबते तो हावेपायी थांबते, अन् मंग घराची आठवण येते म्हणून रडणं म्हणजे ढोंग. ढोंग शब्द लय लागला. आज शुक्रवार, सुट्टी हाय, म्हणून लिहून रायलो.

मी सौदीतल्या जुबेलले पाईप फिटर, कारंज्यापासून आत खेड्यातला. एजंटले द्यायले बुढ्यानं व्याजानं पैसे काढले होते, ते फेडता फेडता पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दुसऱ्यात बहिणीचं लग्न. मंग 2023 ले सोयाबीनवर मोझॅक रोग आला, शेंगाच भरल्या नाही, तवा अख्खं घर माह्या पगारावर चाललं. आता सांगा पाच वर्षं कुठून मोजू? अन् सौदीचा कायदा पाहा. स्वतः राजीनामा देला तं दोन वर्षांच्या आत सर्व्हिसचा पैसा, म्हणजे नोकरी सोडताना भेटणारी रक्कम, शून्य, पाचपर्यंत तिसरा हिस्सा, दहापर्यंत तीनातले दोन, दहा झाले तवाच पुरा. तेही पहिले पाच वर्षं दरसाल अर्ध्या महिन्याच्या पगारानं अन् पुढचे पुऱ्या महिन्याच्या. म्हणजे तुम्ही म्हणता तिथं उठलं तं वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखंच झालं.

राह्यली आठवण. मले दिवाळी-बिवाळी नाही आठवत. शटडाऊनच्या टायमाले, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालते तवा, एखाद्या टाकीपाशी उग्र वास येते अन् एकदम कापसाच्या पऱ्हाटीतली फवारणी आठवते, मंग दिवसभर कामात ध्यान लागत नाही. फवारणी कोणाले आवडते का? पण तेच आठवते. याले ढोंग म्हणा नाहीतं काहीबी म्हणा.

वर्ध्याचे_गुरुजी
शब्द कठोर होता, मागे घेणार नाही. माझा भाचा कुवेतला आहे, दरवर्षी "यंदा शेवटचं" म्हणतो. आई गेली तेव्हा कंपनीनं पासपोर्ट वेळेवर दिला नाही, कसाबसा तेरवीला पोचला. त्याचा मुलगा त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलतो. आधी कर्ज, मग स्लॅब, मग बोलेरो, मग भावाचा प्लॉट. हिशोब संपत नाही कारण तुम्ही तो संपू देत नाही. आम्हीही मास्तरच्या पगारात तिघांची शिक्षणं केलीच ना.

पऱ्हाटी_अन्_पंप
गुरुजी तुम्ही 2005 च्या आधी लागले, जुनी पेन्शन घेता, तुम्ही हिशोब संपवायच्या गोष्टी सांगू नका. आमचा हिशोब सुरूच होत नाही. 2025 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलले 7710 लिहिला कागदावर, अन् ऐन पोळ्याच्या तोंडावर 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं, ते डिसेंबरपर्यंत. व्यापारी बोंडाकडं पाहूनच भाव पाडते. त्यापेक्षा जुबेल बरं.

पण कारंजेकर भाऊ, तूही ऐक. तुम्ही गल्फवाले पैसा आणता अन् वावराचे भाव असे चढवून ठेवता का आमच्या धुऱ्याले लागून असलेलं वावर आमाले घेता येत नाही.

हिंजवडीतला_वऱ्हाडी
गल्फचंच काय घेऊन बसले, आमच्यासाठी पुणे पण परदेशच आहे. इथं मी पाटवडी रस्सा म्हटलं तर लोक तोंडाकडे बघतात. मलाही घरची आठवण येतेच की.

जुबेलचा_कारंजेकर
अबे तू शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसला का सकाळी घरी. मले एक्झिट री-एंट्री व्हिसा, म्हणजे जाऊन परत यायचा परवाना, असल्याशिवाय देश सोडता येत नाही. जूनच्या 15 तारखेपासून सप्टेंबरच्या 15 पर्यंत दुपारी 12 ते 3 उन्हात काम बंद ठेवा असा इथं सरकारी नियम हाय, यावरून समज ऊन कसं असन. एसीत बसून रस्स्यासाठी रडू नको.

अन् पंपवाले भाऊ, हो, घेऊन रायलो वावर. धुऱ्याले लागूनच तीन एकर, इसार देला हाय. त्याची खरेदी झाली का फायनल एक्झिट मारतो, कायमचा घरी. मले कोणी तारीख शिकवू नका.

रेडी_रेकनर
थांबा. खरेदी कोणाच्या नावानं? एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. फ्लॅट घ्या, दुकान घ्या, शेती, मळा, फार्महाऊस नाही.

जुबेलचा_कारंजेकर
मी कुठला एनआरआय, मी तं लेबर हाय. एनआरआय म्हणजे अमेरिकावाले. आमच्या सातबाऱ्यावर बुढ्यासंगं माहं नाव पहिल्यापासून हाय, कास्तकाराच्या पोटचा हाव.

रेडी_रेकनर
लेबर असो का डॉक्टर, नोकरीसाठी बाहेर गेलात की फेमाच्या दृष्टीनं बाहेरचे. भारतात किती दिवस राहिलात हे मग त्यात बघत नाहीत. आधीची जमीन ठेवता येते, वारसानं आलेली घेता येते. विकत नाही, बक्षीसपत्रानंही नाही. कायमचे परत या, मग खुशाल घ्या. म्हणजे वावर घेऊन परत येणार हे तुमचं गणितच उलटं आहे, परत आल्याशिवाय वावर नाही. आणि तुमच्या नावावर पीएम किसानचे दोन हजार येत असतील तर तेही बंद करा, एनआरआय त्यात बसत नाही.

पऱ्हाटी_अन्_पंप
वा! दोन हजारांसाठी केवायसी करून करून आमचे अंगठे झिजले.

जुबेलचा_कारंजेकर
मंग बुढ्याच्या नावानं घेतो. गावात सगळे तसंच करतात.

रेडी_रेकनर
करतात. मग पैसे तुमचे असले तरी कागदावर ती जमीन वडिलांची. मृत्युपत्र नसलं तर उद्या बहिणींचा बरोबरीचा हिस्सा.

जुबेलचा_कारंजेकर
माह्या बहिणी हक्कसोड करून देतीन. तुमच्यासारखे भांडण लावणारे घरात नाही आमच्या.

धामणगावची_ताई
बहिणी सही करून देतीन, किती सहज म्हटलं भाऊ तुम्ही. माहे मिस्टर मस्कतले आहेत. त्याईनं पाठवलेल्या पैशानं वावर घेतलं, सासऱ्याच्या नावानं, तुमच्यासारखंच. सासरे गेले, आता दोन दीर म्हणतात तिघांचं. त्या वावरात वेचाईच्या बाया शोधत मी फिरली, सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदीच्या रांगेत गाडी घेऊन मी थांबली, नवरा फोनवर विचारते किती क्विंटल झाला. त्याईले घराची आठवण येते हे खरं हाय, रडतात फोनवर, मी ऐकून घेते. पण अजून किती वर्षं राह्याचं हे ठरवताना मले एकदाही विचारलं नाही. गुरुजी तुम्ही पाच म्हणता, हे दहा म्हणतात, तुमच्या दोघांच्याही बायका काय म्हणतात ते लिहा ना.

वर्ध्याचे_गुरुजी
ताई, तुमचं बरोबर आहे. भाच्याच्या बायकोला मीही कधी विचारलं नाही. पण म्हणूनच तर लवकर या म्हणतो.

जुबेलचा_कारंजेकर
गुरुजींले लगेच आपलंच खरं करायची घाई. ताई तुमचं मानलं, गुरुजींचं नाही. घरी विचारतो रात्री.

रेडी_रेकनर
आणखी एक. ते तिसऱ्या हिश्शाचं गणित राजीनाम्याचं आहे. राजीनामा न देता कॉन्ट्रॅक्टची मुदत संपू द्या, रिन्यू करू नका, मग सर्व्हिसचा पैसा पूर्ण मिळतो. दहा वर्षं थांबायची गरज नाही.

जुबेलचा_कारंजेकर
कागदावर भेटते. आमच्या कंपनीत मुदत संपायच्या आधीच अरबीत छापलेल्या कागदावर सही घेतात, तो राजीनामा निघते. तरी पाहतो, माही मुदत मार्चमध्ये संपते.

पण इसाराचं काय करू ते सांगा कोणी.

पऱ्हाटी_अन्_पंप
वावर कोणत्या शिवारात हाय ते सांग. विहीर हाय का कोरडवाहू? इसार मी देतो तुले, बोलाचाली करू.

जुबेलचा_कारंजेकर
आत्तापर्यंत भाव चढवला म्हणून शिव्या देत होते नं भाऊ?

पऱ्हाटी_अन्_पंप
ते वेगळं. विहीर हाय का सांग.