पापाशी लढताना दिवस मोजायचे की माणसं जपायची?

परतीचा पक्षी (धागाकर्ता)

हे लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. रात्री घर झोपलं की मोबाइलवर नको ते बघण्याची सवय मला कित्येक वर्षांची आहे. मी ख्रिस्ती विश्वासणारा आहे. रोज पवित्र शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, आणि तरीही पडतो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नकोसं वाटतं तेच मी करत राहतो. तो भाग वाचताना दर वेळी वाटतं, हा माणूस माझ्याबद्दल बोलतोय.

या वेळी निश्चय करून एक वही घातली. ज्या दिवशी पडलो नाही त्या दिवसापुढे निळ्या पेनाने फुली. अशा 47 फुल्या झाल्या. फुल्यांनी चाळिशी ओलांडली त्याच सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. त्याची लढाई दारूशी आहे. महिनाभर सोडली होती, पुन्हा प्यायला होता. फोनवर रडत होता. मी म्हणालो, "मनावर घेतलं तर सगळं जमतं. मला जमलंच ना?" तो गप्प झाला आणि मी फोन ठेवला. ठेवताना मला बरं वाटलं होतं. आज सगळ्यात जास्त टोचतं ते हे बरं वाटणं.

आठवड्याभरात मी पडलो. वही उघडली आणि लक्षात आलं, या 47 दिवसांत पाप गेलं नव्हतं, त्याने फक्त बिऱ्हाड हलवलं होतं. डोळ्यांतून निघून जिभेवर येऊन बसलं होतं. फुल्या वाढत होत्या तसा मी कठोर होत होतो.

म्हणून माझं मत मांडतो, खोडून काढा. ख्रिस्ती माणसाची पापाशी लढाई निग्रहाने जिंकली जात नाही, प्रेमाने जिंकली जाते. येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण घ्या. त्याने प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर तलावाच्या काठी प्रभू त्याला भेटतो तेव्हाही तिथे कोळशाचा विस्तव आहे. योहानाच्या शुभवर्तमानात हा शब्द या दोनच ठिकाणी येतो. त्या विस्तवापाशी प्रभू विचारू शकला असता, "पुन्हा असं करशील का?" तो विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस का?" तीनदा. आणि लगेच दुसऱ्यांची काळजी त्याच्यावर सोपवतो: माझी मेंढरं पाळ. पडलेल्या माणसाला त्याने वही दिली नाही, माणसं दिली.

अरुणोदय

तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे, पण निष्कर्ष धोक्याचा आहे. वही वाईट नव्हती. वहीने तुम्हाला 47 रात्री वाचवलं. भावाशी उर्मटपणे बोललात हा दोष वहीचा कसा? औषधाने ताप उतरला आणि नंतर माणूस भांडला, तर आपण औषध फेकून देतो का?

प्रभूने डोंगरावर जे सांगितलं ते मवाळ नाही. उजवा डोळा पापाला कारण होत असेल तर उपटून टाक. हे अक्षरशः घ्यायचं नाही हे खरं, पण त्यातली निकड अक्षरशः घ्यायची आहे. उत्पत्तीच्या 39 व्या अध्यायातला योसेफ आपला मालक पोटीफर याच्या बायकोशी प्रेमाच्या स्वरूपावर चर्चा करत बसला नाही. तिने वस्त्र धरलं, तो ते तिच्या हातात टाकून पळाला. मोहाच्या क्षणी पाय लागतात, तत्त्वज्ञान नाही.

मी स्वतः जुगारातून बाहेर आलो आहे. अकरा वर्षं झाली. सुरुवातीच्या दोन वर्षांत माझ्या मनात देवाबद्दल प्रेमबीम काही दाटून येत नव्हतं. मी फक्त पैसे बायकोच्या ताब्यात दिले आणि त्या रस्त्याने जाणं बंद केलं. प्रेम नंतर आलं. प्रेम येईपर्यंत थांबलो असतो तर आज घर नसतं. आणि "कृपा आहेच" म्हणत पाप करत राहणारे मी पाहिले आहेत. पौलाने सातवा अध्याय लिहिण्याआधी सहावा लिहिला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? मुळीच नाही.

जुनं पान

दोघांच्या मधली एक गोष्ट सांगतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी ती वेगळ्या रीतीने मांडली, पुढे तिचीच 'सात घातक पापं' झाली. इव्हाग्रियसचं मूळ निरीक्षण मात्र यादीहून मोलाचं आहे. तो म्हणतो, बाकीच्या विचारांचा पराभव झाला की त्या पराभवातूनच कीर्तीची हाव डोकं वर काढते. म्हणजे धागाकर्त्याचं जे झालं ते सोळाशे वर्षांपूर्वीच कुणीतरी पाहून ठेवलं आहे. आणि तरीही इव्हाग्रियसने उपास, जागरण, स्तोत्रपाठ सोडायला सांगितलं नाही. शिस्त हवीच, पण शिस्तीवरही पहारा हवा.

आणखी एक. तो त्यांना 'पापं' म्हणत नव्हता, 'विचार' म्हणत होता. विचार मनात येणं आपल्या हातात नसतं, त्याला बसायला जागा देणं असतं. याकोबाच्या पत्रातही क्रम असाच आहे: आधी वासना ओढते, मग ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते. प्रभूचीही अरण्यात 40 दिवस परीक्षा झाली आणि इब्री लोकांस पत्र सांगतं की तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, पण पापावेगळा राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. मोहाच्या पहिल्या झुळकेलाच स्वतःला अपराधी ठरवणारे पुष्कळ जण "आता पडलोच आहे तर" म्हणून पुढे जातात. हा माझाही अनुभव आहे.

अरुणोदय

@जुनं पान, हे पटलं. पण मग धागाकर्त्याचं 'निग्रहाने नाही, प्रेमाने' हे कुठे टिकतं? पाचव्या शतकात पेलागियस या ख्रिस्ती शिक्षकाची तक्रार हीच होती ना, की सगळं कृपेवर सोपवलं की माणसं आळशी होतात?

जुनं पान

तक्रार समजण्यासारखी होती, उत्तर चुकलं. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीवर निष्पाप राहू शकतो इथपर्यंत ती शिकवण गेली, आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ती नाकारली. बिशप ऑगस्टीन तिच्याविरुद्ध का उभा राहिला हे त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं. तरुणपणी तो देवाकडे शुद्धता मागायचा, पण एवढ्यात नको म्हणून. इच्छा दुभंगलेली असते हे त्याने स्वतःवरून ओळखलं होतं. दुभंगलेल्या इच्छेला "जोर लाव" म्हणून काय होणार? दोन्ही तुकडे जोर लावतात.

साधा विश्वासी

मला एवढं अभ्यासपूर्वक लिहिता येत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "मला परीक्षेत आणू नकोस" असं नाही, "आम्हांला" आहे. मी ती एकटा म्हणतो तेव्हाही आम्हांला असंच म्हणतो. धागाकर्त्या दादांनी भावाला फोन करावा, एवढंच.

ओंजळ

सगळं वाचलं. राग आला आहे, आणि तो लपवत नाही.

मी दारू पिणाऱ्याची बायको होते. होते, कारण ते आता नाहीत. रात्री चावी कुलपात पहिल्या झटक्यात गेली की मी श्वास सोडायचे. ती दाराच्या पत्र्यावर खरवडू लागली की मुलांच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. असं बारा वर्षं. त्या आवाजाचं ज्ञान मला कुठल्याही शास्त्रीबुवांपेक्षा जास्त आहे.

चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला मत्तय 18 मधलं 'साताच्या सत्तर वेळा क्षमा कर' सांगितलं. प्रेम सर्व काही सहन करतं हे सांगितलं. त्याच अठराव्या अध्यायात आधी काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही. लहानग्यांपैकी एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असं आहे. हात-पाय तोडून टाकण्याची गोष्ट तिथे पुन्हा आहे. हरवलेलं एक मेंढरू शोधायला जाणारा मेंढपाळ तिथे आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर जाऊन त्याला एकांतात सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग, हेही तिथेच आहे. त्यानंतर मग सत्तर वेळांची क्षमा येते. मला शेवटचं पान फाडून हातात दिलं आणि म्हणाले, हे प्रेम.

तेव्हा 'पापाशी वैयक्तिक लढाई' हा शब्दच मला मान्य नाही. वैयक्तिक काही नसतं. एक माणूस लढतो आणि घरातले सगळे जखमी होतात.

आणि धागाकर्ते, एक विचारते. तुमच्या लिखाणात देव आहे, पौल आहे, पेत्र आहे, भाऊ आहे. "घर झोपलं की" असं लिहिलंत. त्या घरात कोण झोपलेलं असतं?

परतीचा पक्षी (धागाकर्ता)

@ओंजळ ताई, दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण उत्तर एकच होतं. पत्नी. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिला माहीत नाही. कदाचित असेलही.

@साधा विश्वासी, भावाला फोन केला. त्याला 47 दिवसांचं सगळं सांगितलं, कशाचे दिवस तेही. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मला वाटायचं तू कधी पडतच नाहीस, म्हणून तुला फोन करायची भीती वाटायची." आता रात्री साडेदहाला तो मला किंवा मी त्याला फोन करतो. त्यानंतर माझा मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. @अरुणोदय, हा निग्रहच आहे, मान्य करतो. पण एकट्याने केलेला नाही. माझ्या पहिल्या मतातलं 'निग्रहाने नाही' हे शब्द मागे घेतो. 'प्रेमाने' हा शब्द मागे घेत नाही.

पत्नीला सांगावं का, हे मात्र ठरत नाही. तिला दुखवून मी मोकळा होणार असेन तर ते कसलं प्रेम?

अरुणोदय

याकोब म्हणतो, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा. पण आधी पाळकांकडे जा, किंवा तुम्ही कॅथलिक असाल तर फादरांकडे पापकबुलीला. मध्यरात्री भरून आलं म्हणून बायकोला उठवून सगळं ओतू नका. ती कबुली नसते, स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं असतं. मी ते केलं होतं. ती सहा महिने झोपली नाही.

ओंजळ

अरुणोदय भाऊंचं निम्मं बरोबर आहे. मध्यरात्री नको. पाळकांशी आधी बोलणंही ठीक. पण पाळकांशी बोललो म्हणजे झालं, असं करू नका. "तिला दुखेल म्हणून सांगत नाही" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलेलं आहे. दुखत आधीपासून असतं, फक्त कशाने दुखतंय ते तिला कळत नसतं. ती कारण स्वतःमध्ये शोधत असते. मी वजनात शोधलं, रंगात शोधलं, स्वभावात शोधलं.

सांगाल तेव्हा तीन गोष्टी पाळा. तिने प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्या, न विचारलेले तपशील तिच्या डोक्यात भरू नका. भावाचा फोन आणि बाहेर ठेवलेला मोबाइल, हे सांगा, म्हणजे नुसते शब्द नाहीत हे तिला दिसेल. आणि त्याच दमात क्षमा मागून ती लगेच देण्याची सक्ती करू नका. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू आधी गेला, हे तुमच्या प्रेमाच्या बाजूचं आहे. पण त्या घरात जक्कय उभा राहून म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याचं चौपट परत देतो. तिचं काय परत द्यायचं ते तिला ठरवू द्या. वेळ लागेल. रडेल, नाहीतर एक शब्द बोलणार नाही. तिथेच बसून राहा.

साधा विश्वासी

ताई, तुमच्या घरी त्या वेळी कुणी असं बोललं असतं तर.

ओंजळ

शेवटच्या वर्षी बोलले होते ते. दवाखान्यातून आल्यावर, एकदाच. मी काही उत्तर दिलं नाही, पण मुलांच्या खोलीचं दार त्या रात्री उघडं ठेवलं.

परतीचा पक्षी (धागाकर्ता)

रविवारी दुपारी मुलं त्यांच्या आजीकडे असतात. पाळकांशी शुक्रवारी बोलतोय. रविवारी तिच्याशी.

वही टाकली नाही. फुल्या मारणं बंद केलं आहे. आता रात्री त्या दिवशी मी कुणाशी वाकडं बोललो ते लिहितो. कालच्या तारखेपुढे दोन नावं आहेत.

ओंजळ

रविवारी दुपारी मी प्रार्थना करेन. आधी त्यांच्यासाठी, मग तुमच्यासाठी.