मदत हवी आहे: अणुभट्टीतल्या न मोजलेल्या चॅनेलच्या तापमानाचा अंदाज

नमस्कार मंडळी. काही अणुभट्ट्यांच्या गाभ्यात शेकडो इंधन-चॅनेल असतात, पण थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) मोजक्याच ठिकाणी बसवलेले. बाकीच्या चॅनेलमधून बाहेर पडणाऱ्या शीतकाचं (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचं किंवा वायूचं) तापमान अंदाजानेच काढावं लागतं. सध्या मी त्याच मॉडेलवर काम करतोय.

आधी भौतिकशास्त्राच्या कोडमधून प्रत्येक चॅनेलचं अपेक्षित तापमान घेतो. मोजलेलं वजा अपेक्षित, असा जो फरक उरतो त्यावर गॉसियन प्रोसेस (जवळच्या बिंदूंवरून अंदाज आणि त्याची अनिश्चितता देणारं सांख्यिकी मॉडेल) बसवतो. शेजारच्या चॅनेलांचे फरक बरेचसे सारखे असतात, त्यामुळे मधल्या भागात अंदाज छान जुळतात. कडेला मात्र न्यूट्रॉन गळतीमुळे शक्ती झपाट्याने उतरते आणि तिथे गणित बिघडतं. नियंत्रण दांड्यांजवळही तेच.

खरी अडचण पुढे आहे. सुरक्षेसाठी सरासरी कामाची नाही, सगळ्यांत गरम चॅनेल किती गरम आहे ते हवं. गुळगुळीत झालेल्या अंदाजांमधली कमाल किंमत खऱ्या कमाल किमतीपेक्षा सरासरीने कमीच निघते. म्हणून सगळ्या चॅनेलांच्या संयुक्त वितरणातून नमुने काढून प्रत्येक नमुन्यातली कमाल घ्यावी, असं माझं मत आहे. पण कोव्हेरियन्सच (चॅनेलांचे फरक एकमेकांसोबत किती बदलतात ते) चुकला असेल तर? शिवाय किरणोत्सर्गात थर्मोकपल हळूहळू ड्रिफ्ट होतात, म्हणजे त्यांचं वाचन खऱ्या तापमानापासून सरकत जातं, आणि ती चूक शेजाऱ्यांच्या अंदाजातही झिरपते.

पडताळणीसाठी एकेक चॅनेल वगळणं पुरतं का, की सलग पट्टाच झाकून बघावा? आणि ड्रिफ्ट मॉडेलमध्ये वेगळा कसा धरायचा? अशा डेटावर कोणी काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.