काच बदलल्यावर लेन असिस्ट डावीकडे ओढतो, डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा नाही

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. गाडी २०२३ ची, ऑटोमॅटिक. कॅमेरा आरशामागे काचेवर, रडार पुढच्या बंपरमध्ये. दगड लागून पुढची काच तडकली, ती बाहेरच्या काचवाल्याकडून बदलली. कॅमेरा जुनाच, नव्या काचेवर बसवला.

डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. क्रूझ लागतो, मीटरमध्ये लेनच्या दोन्ही रेषा दिसतात. पण लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला स्वतः स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा) चालू असला की गाडी डाव्या रेषेला चिकटून जाते. बंद केला की स्टिअरिंग सैल धरलं तरी सरळ. काचवाल्याचं म्हणणं, शे-दोनशे किलोमीटर चालवा, गाडी आपोआप शिकते. तीनशे झाले, फरक शून्य.

हे खरंच आपोआप जुळतं का? जुळत नसेल तर कॅलिब्रेशनच्या (कॅमेऱ्याची दिशा स्कॅनरने नव्याने जुळवण्याच्या) आधी काय काय तपासून घ्यावं? आणि विम्यात हा खर्च बसतो का?

अंबड_बे_४

असिस्ट बंद केल्यावर गाडी सरळ जाते, ही तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची माहिती. असिस्ट बंद असतानाही ओढली असती तर आधी टायर आणि अलाइनमेंट पाहावं लागलं असतं. इथे ओढ कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून येते आहे. डावीकडे ओढते म्हणजे कॅमेरा प्रत्यक्षात थोडा उजवीकडे बघतोय. त्याला सगळा रस्ता डावीकडे सरकलेला दिसतो, आपण लेनच्या उजव्या बाजूला आहोत असं त्याला वाटतं, म्हणून तो स्टिअरिंग डावीकडे घेतो.

"आपोआप शिकते" हे अर्धं खरं आहे. काही गाड्यांचा कॅमेरा चालता चालता बारीक दुरुस्ती करत राहतो, पण ती आधीच्या कॅलिब्रेशनच्या आसपास, अगदी थोड्या मर्यादेत. त्या मर्यादेपलीकडचा फरक तीनशे काय, तीन हजार किलोमीटर चालवूनही जात नाही.

दिवा का लागत नाही तेही समजून घ्या. कॅमेऱ्याला करंट मिळतोय, चित्र स्वच्छ आहे, रेषा सापडतायत, बाकी मॉड्यूलशी बोलणं चालू आहे. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. काच बदलली हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. काही गाड्यांत कॅमेऱ्याचा प्लग काढला की बिघाडाचा कोड येतो, काहींत येत नाही. म्हणून दिवा नाही याचा अर्थ कॅलिब्रेशन बरोबर आहे असा मुळीच घेऊ नका.

किती फरकाने किती बिघडतं? कॅमेरा १ अंश तिरका असेल तर ५० मीटरवर ८७ सेंटीमीटरची चूक होते. महामार्गाची लेन ३.५ मीटर, गाडी साधारण १.८ मीटर रुंद, म्हणजे मधोमध चालताना दोन्ही बाजूंना जेमतेम ८५ सेंटीमीटर उरतात. एका अंशात ती सगळी जागा संपली.

कॅलिब्रेशनला नेण्याआधी काच आणि बसवणी बघा, कारण वाकडी बसलेली काच स्कॅनर सरळ करत नाही. बाहेरून टॉर्च मारून आरशामागचा काळ्या पट्टीतला पारदर्शक चौकोन बघा. त्यात बोटाचा तेलकट ठसा, प्रायमरचा ओघळ, बुडबुडा काहीही नको. तो चौकोन वायपर फिरतो त्या भागात यायला हवा. आतून कॅमेऱ्याचं कव्हर काढलं की ब्रॅकेट दिसतो. तो कारखान्यातच काचेला चिकटवून आलेला असावा. जुन्या काचेवरून ब्लेडने सोडवून नव्या काचेवर डकवलेला असेल तर पुढचं काहीच करू नका, काचच परत करा. ब्रॅकेटच्या १० सेंटीमीटर लांबीत डिंकाचा थर अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झाला तरी ०.३ अंश गेले. कॅमेरा त्यात क्लिपचा आवाज होऊन बसतो. हाताने हलवल्यावर टिकटिक झाली तर क्लिप तुटली आहे.

काचेच्या कोपऱ्यातला छापही वाचा. आयएस २५५३ आणि आयएसआय मार्क तर हवाच, पण त्याने फक्त काच सुरक्षित आहे एवढंच कळतं. कॅमेऱ्याच्या व्हेरिएंटची काच आहे की बिनकॅमेऱ्याच्या खालच्या मॉडेलची, ते बिलावरच्या पार्ट नंबरवरून ताडून घ्या. आणि काचेवर फिल्म लावलेली असेल, अगदी "बिनरंगी, उन्हासाठी" असली तरी, कॅमेऱ्यासमोरून काढा.

सरळ_चाक

वरचं सगळं बरोबर. अलाइनमेंटचं राहिलं ते सांगतो, कारण नाशिकमध्ये निम्मे लोक हीच पायरी गाळतात.

कॅमेरा गाडीच्या बॉडीच्या मध्यरेषेला जुळवायचा नसतो, थ्रस्ट लाइनला जुळवायचा असतो. मागची दोन चाकं मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात ती ही रेषा. मागचं टो (चाकं वरून बघता आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडलं असेल तर गाडी किंचित तिरकी चालते आणि बॉडी बघून लावलेला टार्गेट बोर्ड (कॅमेरा जुळवताना समोर ठेवायचा नक्षीचा फळा) चुकीच्या जागी उभा राहतो. म्हणून फक्त पुढच्या दोन चाकांवर सेन्सर लावून "टो मारून देतो" म्हणणारा इथे उपयोगाचा नाही. चारही चाकांचा रिपोर्ट छापून घ्या आणि त्यात थ्रस्ट अँगल (थ्रस्ट लाइनचा गाडीच्या मध्यरेषेशी कोन) शून्याच्या किती जवळ आहे ते बघा. तुमच्या गाडीला मागे ट्विस्ट बीम ॲक्सल (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच सलग बीम) असेल तर मागचं टो बोल्टने जुळवता येत नाही. तिथे आकडा बाहेर गेला तर बुश किंवा वाकलेली बीम शोधावी लागते.

क्रम असा ठेवा. आधी दारावरच्या स्टिकरप्रमाणे चारही टायरची हवा, तीही टायर थंड असताना. मग अलाइनमेंट. मग स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य, म्हणजे स्टिअरिंग सरळ असताना सेन्सरने शून्यच दाखवावं. सगळ्यात शेवटी कॅमेरा. उलटं केलं, म्हणजे आधी कॅमेरा आणि नंतर अलाइनमेंट, तर कॅमेऱ्याचे पैसे वाया.

डिकीत सिमेंटची पोती, द्राक्षाचे क्रेट, छतावर कॅरिअर, असलं काही असेल तर उतरवा. मागचा भाग दबला की नाक वर उठतं आणि कॅमेरा आभाळाकडे बघतो. पेट्रोल किती भरायचं तेही काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाळा.

गंगापूररोडकर

दोघांचे आभार. आज बघितलं ते असं: चौकोन स्वच्छ आहे. ब्रॅकेट कारखान्याचाच वाटतो, चारही बाजूंनी सारखा थर, कॅमेरा हलत नाही. पार्ट नंबर जुळतो. थ्रस्ट अँगल ०.०२ अंश आला.

एक गोष्ट खटकली. छपराच्या पत्र्याशी काचेची वरची कड डावीकडे समतल आहे, पण उजवीकडे साधारण ४ मिलिमीटर वर उचललेली दिसते. बोट फिरवलं की पायरी लागते. याने फरक पडतो का?

अंबड_बे_४

पडतो, आणि नेमका इथेच घोळ आहे असं मला वाटतं.

काचेची उंची साधारण ८० सेंटीमीटर धरा. वरची पूर्ण कड ४ मिलिमीटर उचलली गेली तर काच ०.३ अंशाच्या आसपास फिरते आणि कॅमेरा तेवढा खाली झुकतो. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर असेल तर ५० मीटरवरची गाडी त्याला ६२ मीटरवर दिसते. म्हणजे अंतर १२ मीटरने जास्त मोजलं जातं. तुमच्याकडे अंतरासाठी रडार आहे, तरी कॅमेरा एक सांगतो आणि रडार दुसरं, असं झालं की ब्रेक लावायचा निर्णय उशिरा होऊ शकतो. होंडा एलिव्हेटसारख्या फक्त कॅमेऱ्यावर चालणाऱ्या गाडीत तर सावरायला रडारही नाही. तुमची फक्त उजवी बाजू उचललेली आहे, म्हणजे काचेला पीळ बसलाय. त्यात वर-खालीबरोबर डावं-उजवंही बिघडतं. ओढीचा संबंध याच्याशी असू शकतो.

कारण बहुतेक जुन्या पीयूचा (काच चिकटवायच्या पॉलियुरेथेन डिंकाचा) थर. जुनी काच कापून काढल्यावर पत्र्यावरचा जुना पीयू १-२ मिलिमीटर राहील एवढा सपाट कापायचा असतो आणि त्यावर एकसारखा त्रिकोणी मणी (नव्या पीयूचा पट्टा) ओढायचा असतो. उजव्या कोपऱ्यात जुना थर तसाच ठेवून वर नवा मणी मारला की काच तिथे बसतच नाही. आता वरून दाबून उपयोग नाही, तो पीयू वाळलेला आहे. काच काढून पुन्हा बसवावी लागेल. काढताना ती तुटू शकते, तेव्हा नवी काच कुणाच्या खर्चाने येणार हे काचवाल्याशी आधीच लेखी ठरवा. कॅलिब्रेशन "पास" होईल, करून टाकू, असं कुणी म्हणालं तरी मान्य करू नका. अशी काच कधी पासही होते, पण त्या कोपऱ्यातून पावसाळ्यात पाणी आलं की पुन्हा काच काढायची आणि पुन्हा कॅलिब्रेशन.

नव्याने बसवल्यावर पीयू वाळू द्या. एका नळीतला पीयू हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत वाळतो. ट्यूबवर गाडी किती वेळाने हलवायची ते लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक तापमान आणि दमटपणा धरून. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा खाली जातो तेव्हा, थंड आणि कोरड्या हवेत जास्त वेळ लागतो. मी दुसऱ्या दिवशीच कॅलिब्रेशनला घ्यायला सांगतो. तोपर्यंत एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, कारण सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की आतली हवा ओली काच बाहेर ढकलते. प्रेशर वॉशरही नको.

आता स्टॅटिक, म्हणजे गाडी उभी ठेवून समोर बोर्ड मांडून करायच्या कॅलिब्रेशनची जागा. अंबड-सातपूरच्या बऱ्याच गाळ्यांत फरशीला नाल्याकडे उतार दिलेला असतो, धुलाईसाठी. त्या फरशीवर हे काम होत नाही. चारही चाकांच्या जागी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी धरून लेव्हल बघायला सांगा, लाजू नका. बोर्ड जिथे उभा राहणार ती जागाही त्याच लेव्हलला हवी. बोर्डामागे पट्ट्यांचं शटर, चौकोनी फरशा, दुसरी गाडी नको, मागे साधी एकरंगी भिंत हवी. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन शटरमधून बोर्डावर आडवं पडतं आणि काम अर्ध्यात अडकतं, म्हणून शटर ओढून एकसारखा दिवा लावावा.

बोर्डाचं अंतर आणि उंची मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते. अंतर कुठून मोजायचं हे गाडीगणिक बदलतं. कुठे पुढच्या चाकाच्या मध्यापासून, कुठे बंपरपासून, कुठे कॅमेऱ्यापासून. मल्टिब्रँड स्कॅनरवर चुकीचं वर्ष किंवा व्हेरिएंट निवडलं की इथेच फसतं. इग्निशन बराच वेळ चालू राहतं, तेव्हा १२ व्होल्ट बॅटरीला चार्जर जोडलेला हवा. व्होल्टेज पडलं की प्रक्रिया मध्येच तुटते आणि मग मात्र दिवा लागतो. डॅशबोर्डवर पांढरा रुमाल किंवा चकचकीत मूर्ती असेल तर काढा, तिचं प्रतिबिंब काचेत कॅमेऱ्यासमोर येतं.

सिन्नर_फाटा

तुमच्या गाडीला स्टॅटिकनंतर डायनॅमिकही (रस्त्यावर गाडी चालवत करायचं कॅलिब्रेशन) लागत असेल तर रस्ता नीट निवडा. शहरातला उड्डाणपूल नको, ठरावीक वेग सलग टिकत नाही. कसारा घाट तर अजिबात नको, सलग वळणं आणि धुकं. समृद्धी सगळ्यात बरा: सिन्नरच्या गोंदे इंटरचेंजवरून चढा (वाडीवऱ्ह्याजवळचं गोंदे नव्हे, तिथे नेहमी गोंधळ होतो) आणि भरवीरकडे चला. रेषा स्पष्ट, वेग सलग.

मुंबई-आग्रा महामार्गावर करायचं असेल तर सकाळी ओझर-पिंपळगावकडे तोंड करून जाऊ नका, सूर्य समोर येतो. संध्याकाळी इगतपुरीकडे जातानाही तेच. पाऊस, रात्र, ओला चमकता रस्ता टाळा. आणि माणसं दोन हवीत. एकाने फक्त गाडी चालवायची, दुसऱ्याने स्कॅनरवर टक्केवारी बघायची. टक्केवारी एकाच आकड्यावर अडकली तर बहुतेक वेळा एका बाजूची रेषा पुसलेली असते. पुढच्या चांगल्या पट्ट्यापर्यंत वेग धरून ठेवा, पुढे सरकते.

क्लेमची_फाईल

विम्याचं. काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत, झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसला तरी. सक्तीची वजावट मात्र लागते: १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यावर २००० रुपये. पीयू, प्रायमर हे कंझ्युमेबल म्हणून वेगळे काढले जातात, त्याचं ॲड-ऑन असेल तरच मिळतात.

कॅलिब्रेशन अडतं ते लिहिण्याच्या पद्धतीमुळे. "लेबर" या एका शब्दात कोंबलं तर कापलं जातं. काम सुरू करण्याआधीच्या एस्टिमेटमध्ये काच, बसवणी आणि कॅमेरा कॅलिब्रेशन अशा तीन वेगळ्या ओळी हव्यात आणि त्यावर सर्व्हेअरची मंजुरी. सोबत त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलं, काच काढल्यास कॅलिब्रेशन आवश्यक, असं सांगणारं पान जोडा. कामाआधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट, दोन्हींवर गाडीचा चेसिस नंबर आणि तारीख दिसेल असे, फाईलला लावा.

पण क्लेम घेण्याआधी नो क्लेम बोनसचा (क्लेम न घेतल्यास हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा) हिशोब करा. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. बोनस प्रोटेक्शन नसेल आणि तुम्ही ५० वर असाल, तर एका काचेपायी तो घालवणं परवडतं का ते कागदावर मांडून बघा. तुमच्या बाबतीत तर बसवणीची चूक आहे, आधी काचवाल्याकडून दुरुस्त करून घ्या. क्लेमचा प्रश्न नंतर.

गंगापूररोडकर

काचवाला पुन्हा बसवून द्यायला तयार झालाय, लेखी दिलं. परवा नेतो. काम झाल्यावर घरी काय तपासू? रिकामा खोका ठेवून गाडी आपोआप ब्रेक लावते का ते बघितलं तर चालेल?

अंबड_बे_४

खोक्याचा प्रयोग नको. कॅमेरा गाडी, माणूस, दुचाकी असे आकार ओळखतो. खोक्याला ब्रेक लागला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही, आणि लागलाच तर मागचा तुमच्यावर येऊन आदळेल.

सरळ, मोकळ्या पट्ट्यावर, शेजारी कुणाला तरी बसवून, लेन असिस्ट चालू करा. दोन्ही आरशांतून मागच्या चाकापासून रेषेपर्यंतचं अंतर शेजाऱ्याला सारखं दिसतंय का ते बघू द्या. हात स्टिअरिंगवरच ठेवा. मग तोच पट्टा असिस्ट बंद करून, म्हणजे रस्त्याच्या उताराचा परिणाम वेगळा कळेल. असिस्ट चालू असतानाच एका बाजूला ओढली तर परत या.

आणि फास्टॅग. काच काढताना तो फाटतो आणि फाटला की चालत नाही, नवा बँकेकडूनच मागवा. चिकटवताना आरशामागच्या त्या पारदर्शक चौकोनाच्या बाहेर, काचवाल्याच्या घाईवर न सोडता स्वतः लावा.