स्टार सिटिझन: 3000 रुपयांत जहाज अपग्रेड जमते का? (सोयाबीनचे पैसे हायेत, सांभाळून सांगा)

हरभऱ्याचा_पायलट (धागाकर्ता)
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राह्यलो. दोन वर्षं झाले या अंतराळाच्या कॉम्प्युटर गेममधी मस्टँग अल्फा हे एकच जहाज उडवून राह्यलो, आता मन भरलं. कटलास ब्लॅक नावाचं जहाज पायजे. गेमच्या साइटवर अपग्रेडचा फरक 80 डॉलर दाखवते. डॉलर 84 चा धरला तरी 6720 रुपये. माह्या खिशात 3000 हायेत, वर एक रुपया नाई. सोयाबीन विकलं तवा बाबांनी "हे तुहे" म्हणून देल्ले.

नोव्हेंबरात सेल लागते म्हणतात. त्यात काही जुगाड हाये का? खेळाले रात्रीच भेटते. या आठवड्यात थ्री फेज रात्री हाये, लाईन आली की मधातच उठून मोटरवर जा लागते. परवा माल भरून निंघालो होतो, मोटरवरून आलो तर गेमनं बाहेर काढून देल्लं होतं. जहाज कुठी, माल कुठी.

कमांडर_बंड्या
3000 मधी काय होते बे? पानठेल्याची उधारी नाई फिटत. माह्याजवळ कॅरॅक हाये. त्यात दवाखाना हाये, गाडी हाये, अन् पोटात अजून एक छोटं जहाज. घ्याचं त एकदाच मोठं घ्या, मंग घोर नाई.

पुण्यातून_पुसदकर
बंड्याभाऊ, कॅरॅक 600 डॉलरचं आहे. त्याने 3000 रुपये म्हटलं आहे. प्रश्न वाचत जा.

पायलट, नीट समजून घे. जहाजावरून जहाजावर जायच्या अपग्रेडला सगळे सीसीयू म्हणतात. दोन जहाजांच्या किमतीतला फरक भरायचा. साधा सीसीयू घेतला तर पूर्ण फरक जातो, वाचत काही नाही. वाचतं ते वॉरबॉन्डमध्ये. सेलच्या काळात ठरावीक जहाजांवर जायचे सीसीयू सवलतीत येतात. समजा 60 च्या जहाजावरून 75 च्यावर जायचा फरक 15 आहे, तो 10 ला मिळाला. 5 वाचले. मग 75 वरून 85, 85 वरून 100, अशी साखळी करायची. प्रत्येक कडीत 5 किंवा 10 सुटतात. तीन अटी आहेत. पायरी नेहमी वरच चढली पाहिजे, बरोबरीच्या किंवा खालच्या किमतीच्या जहाजावर जाता येत नाही. वॉरबॉन्डला ताजे पैसे लागतात, आधीचं जहाज साइटला परत करून (त्याला वितळवणं म्हणतात) मिळालेलं स्टोअर क्रेडिट चालत नाही. आणि घेतलेला सीसीयू लगेच जहाजाला लावायचा नाही! साइटवरच्या आपल्या खात्यात, म्हणजे हँगरमध्ये पडू द्यायचा. पूर्ण साखळी जमली की शेवटी एका दमात लावायची, कारण एकदा लावला की मागे फिरता येत नाही.

अजून एक. तुझ्याकडे सीसीयू पडून असताना वरच्या जहाजाची किंमत वाढली तरी तुझा सीसीयू जुन्याच भावातला. ती वाढ फुकटात तुझी. तूर भरून ठेवतोस ना घरात, तसंच.

कमांडर_बंड्या
तुरीचा भाव पडते बी. पुण्यात बसून तूर नका शिकवू.

लोणारचा_उल्का
मी सांगतो, माह्यासारखं करू नको. चार वर्षांमागं असाच सेल होता. चित्र पाहूनच जीव गेला, घेतलं एक मोठं मालवाहू जहाज. नाव नाई सांगत, पोट्टे हासतात. घेतल्यावर समजलं का ते अजून बनलंच नाई, कॉन्सेप्ट हाये. पानावर मोठ्या अक्षरात लिहून होतं, मीच नाई वाचलं. तवापासून बदली म्हणून भेटलेलं दुसरं जहाज उडवून राह्यलो. सातबारा माह्या नावावर हाये, वावर कुठी दिसत नाई.

साखळी करतानी मधल्या कडीत असं न बनलेलं जहाज आलं तरी चालते, तिथं थांबाचं नाई म्हंजे झालं.

भिवापुरी_मिरची
पायलटभाऊ, मी तीन वर्षं झाली खेळते, सुरुवातीचा पॅक सोडला तर एक पैसा लावला नाही. जहाजं गेममधल्या पैशानेही मिळतात. गेममधल्या लॉरव्हिल शहरात न्यू डील नावाचं दुकान आहे, एरिया18 शहरात अ‍ॅस्ट्रो आर्माडा. नाहीतर टर्मिनलवर भाड्याने घ्यायचं, एक दिवस, तीन दिवस, आठवडा.

पैसे कसे करायचे ते सांगते. मल्टी-टूल हे हातातलं अवजार घ्यायचं, त्याला ओअरबिट हा मायनिंगचा जोड लावायचा आणि चंद्रावरच्या गुहेत हॅडनाइट शोधायचं. गुलाबी खडे असतात. लेझर लावला की बाजूला पट्टी दिसते, माऊसच्या चाकाने जोर कमीजास्त करत काटा हिरव्या पट्ट्यात धरून ठेवायचा. ज्वारीच्या लाह्या फोडताना आच सांभाळतो ना, तसंच. आच जास्त झाली की खडा फुटतो आणि तुम्ही मरता. पहिल्या दिवशी मी सात वेळा मेले. आठव्यांदा पाठीवरची पिशवी भरली. त्या रात्री दीड वाजता कोणाला सांगावं कळेना, सगळे झोपलेले.

आणि कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. 2020 पासून नवीन कार्डावर ते बंदच असतात. बऱ्याच कार्डांवर डॉलरच्या रकमेवर साडेतीन टक्के वेगळे कापतात, त्या कापलेल्यावर परत 18 टक्के जीएसटी. म्हणजे तुमचे 6720 नाही, सात हजारांच्या आसपास जातील.

कमांडर_बंड्या
गेममधले पैसे कायले कमावता ताई, एक दिवस सगळं पुसून टाकतात.

भिवापुरी_मिरची
पुसतात. मार्च 2023 ला गेमची 3.18 आवृत्ती आली तेव्हा सगळं पुसलं होतं, माझंही गेलं. परत कमावलं. खऱ्या पैशाचं जहाज तेवढं राहतं, हे तुमचं खरं आहे.

लोणारचा_उल्का
गेम अल्फा हाये अजून, म्हंजे पुरा बनलाच नाई. 2012 मधी गेम बनवाले लोकाईनं पैसे टाकले तवा माह्या पुतण्या पाळण्यात होता. आता तोच मले विचारते, काका जहाज कवा येते.

वऱ्हाडी_जॉयस्टिक
जहाज सोडा हो. एसएसडी हाये का? साध्या हार्डडिस्कवर हा गेम म्हंजे बैलबंडीले इंजिन. रॅम 16 जीबी पायजेच, 32 असली तर मस्त. मी अगोदर जहाज घेतलं, मंग समजलं का स्टेशनवर माणसं दिसतच नाई, नुसती खुर्ची तरंगते. 3000 मधी चांगली एसएसडी येते. तेच घे.

हरभऱ्याचा_पायलट
एसएसडी हाये दादा, यवतमाळहून जुनी घेतली. गेम शंभर जीबीच्या वर हाये, दुसऱ्या गावी मावसभावाच्या फायबरवर उतरवला, अन् कॉम्प्युटरचा डबा पोत्यात बांधून मोटरसायकलवर घरी आणला.

काकाजी_आर्वी
मले गेमचं काही समजत नाही, नातवानं हे पान उघडून ठेवलं होतं. पण मोटरसाठी रात्री उठतो म्हणतो तर ऑटो का नाही लावत? 600-700 रुपयात येते. लाईन आली की मोटर आपोआप सुरू.

हरभऱ्याचा_पायलट
काकाजी, ऑटो हाये. पण हरभऱ्याले स्प्रिंकलर हाये न. दर तीन तासानं पाईप उचलून दुसऱ्या पट्ट्यात लावा लागते. ते ऑटो नाई करत.

काकाजी_आर्वी
मग सौर पंपाचा अर्ज कर. मागेल त्याला सौर कृषी पंप. आपल्याला 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के. दिवसा पाणी दे, रात्री झोप. आणि हरभऱ्याला फुलावर असताना पाणी देऊ नको, फुलं गळतात. पहिलं फांद्या फुटताना, दुसरं घाटे भरताना.

वऱ्हाडी_जॉयस्टिक
जमीन भारी असली तर एकच पाणी लागते काकाजी.

काकाजी_आर्वी
तुमच्या भारी जमिनी तुम्हालाच लखलाभ. आमची मुरमाड आहे.

पुण्यातून_पुसदकर
धागा जहाजाचा आहे, मंडळी.

पायलट, तुझ्या बजेटात कटलास या सेलमध्ये बसणार नाही. पण साखळीची सुरुवात बसेल. दोन वॉरबॉन्ड कड्या आता घे, मे महिन्यात इन्व्हिक्टस नावाचा दुसरा सेल येईल तेव्हा दोन घे. पुढच्या नोव्हेंबरला पूर्ण.

हरभऱ्याचा_पायलट
मे महिन्यात? दादा, मे मधी आमच्याकडे बी-खताची यादी असते. तवा 15 डॉलर काय, 15 रुपये मागता येत नाई. माह्या हातात पैसा नोव्हेंबरातच येते, अन् योगायोगानं मोठा सेल बी नोव्हेंबरातच.

कमांडर_बंड्या
सोयाबीन कितीनं देल्लं?

हरभऱ्याचा_पायलट
4100. 2024 च्या हंगामाचा हमीभाव 4892 होता, पण ओलाव्यात बसलं नाई, अन् थांबाची सोय नव्हती.

वऱ्हाडी_जॉयस्टिक
मंग त्या हंगामापुरता 15 टक्के ओलावा चालते म्हणून निंघालं न.

हरभऱ्याचा_पायलट
निंघालं. माहं विकल्यावर निंघालं.

लोणारचा_उल्का
पहिले जहाजाचा इन्शुरन्स पाह्यजो. लाईफटाईमवाला घे, लोक त्याच्यासाठी जास्तीचे देतात.

पुण्यातून_पुसदकर
नको. सीसीयू लावला तरी खालच्या जहाजाचा विमा तसाच पुढे येतो, आणि आज जहाज फुटलं तर टर्मिनलवर क्लेम करून थोडं थांबलं की परत मिळतं. त्या विम्याचा सध्या उपयोग नाही, जास्तीचे पैसे देऊ नकोस.

लोणारचा_उल्का
म्हंजे आपल्या त्या 2023-24 च्या 1 रुपयावाल्या पीकविम्याहून चांगला. तिथं पंचनाम्याले 72 तासांच्या आत कळवा लागत होतं.

जुना_खलाशी_चिखली
सगळ्यांनी सांगितलं तेच सांगतो, सेलला थांबा. अन् बाहेरच्या माणसाकडून सीसीयू स्वस्तात भेटते म्हणून घेऊ नका. मी एका ग्रुपवर एका माणसाले 1800 पाठवले. पैसे गेल्यावर त्याचा फोटो गायब, मंग नाव गायब, मंग ग्रुपच गायब.

बाकी टायटन घ्या. अ‍ॅव्हेंजर टायटन. आठ डबे माल बसते, लढते बी. नवशिक्याले त्याच्यासारखं काही नाई.

भिवापुरी_मिरची
टायटनला माझंही मत. आणि सेलच्या दिवसांत घाई करू नका. रोज वेगवेगळ्या कंपनीची जहाजं फुकट उडवायला देतात. आधी आत चालून पाहा, मग ठरवा. मी तसंच एक आवडतं जहाज चालून पाहिलं आणि शिडी कुठे आहे तेच दोन मिनिटं सापडलं नाही. बाद केलं.

कमांडर_बंड्या
कटलासच घे. नाई त काहीच नको घेऊ. मधलं कायले?

हरभऱ्याचा_पायलट (आठ दिवसांनी)
मंडळी, घेतलं. तुम्ही रागावसान. कटर नावाचं लहान जहाज घेतलं.

मिरचीताईनं सांगितल्यापरमाणं ड्रेक कंपनीची जहाजं फुकटात पाह्यली. कटलास लय मोठं अन् भारी हाये, त्यात 46 डबे बसतात, मागचं दार उघडलं का अख्खी गाडी आत जाते. पण फिरता फिरता बाजूच्या कटरमधी घुसलो. लहानसंच हाये, आपल्या टिनाच्या खोलीएवढं. अन् आत एक पलंग! माह्या मस्टँगमधी पलंगच नाई. पलंगावर निजून लॉगआउट केलं का परत आल्यावर त्याच जहाजात उठतो, जिथं होतो तिथंच. माल बी तसाच.

फरक 15 डॉलर दाखवला. कार्डावर सगळं कापून 1312 रुपये गेले. उरलेल्यात स्प्रिंकलरचे चार नोझल अन् एक बेंड घेतला, दोन फुटले होते.

पुण्यातून_पुसदकर
साधा सीसीयू घेतलास? वॉरबॉन्ड नाही? आणि लावूनही टाकलास?

हरभऱ्याचा_पायलट
हो. त्या दिवशी कटरले वॉरबॉन्ड नव्हता. पण दादा, कटरच्या 45 डॉलरवरून पुढची साखळी चालूच शकते न? तुमचंच वाचून समजलं. पुढच्या नोव्हेंबरात पाहू.

पुण्यातून_पुसदकर
चालू शकते. ठीक आहे.

कमांडर_बंड्या
कटर म्हंजे उडता खोका. हासून हासून पोट दुखलं. माह्या कॅरॅकच्या दवाखान्यात ये, डोकं तपासू.

जुना_खलाशी_चिखली
टायटनमधी बी पलंग हाये, सांगितलं असतं.

हरभऱ्याचा_पायलट
कोणी सांगितलंच नाई न! सगळ्यांनी डबे सांगितले, बंदुका सांगितल्या. टायटनचा फरक 30 डॉलर होता, मंग नोझल राह्यले असते.

भिवापुरी_मिरची
छान घेतलंत. एक लक्षात ठेवा, पलंगावरचं लॉगआउट दर वेळी जमेलच असं नाही, अल्फा आहे. माल महाग असेल तर आधी स्टेशनवर विकून टाका, मग झोपा.

काकाजी_आर्वी
सौर पंपाचा अर्ज भरला का?

हरभऱ्याचा_पायलट
भरला काकाजी. बाबांच्या नावानं. सातबारा त्यांच्याच नावावर हाये.

काकाजी_आर्वी
नोझल पितळी घेतले की प्लास्टिकचे?

हरभऱ्याचा_पायलट
पितळी. थांबा, लाईन आली वाटते, मोटरचा आवाज येऊन राह्यला. जहाज एका चंद्राच्या मांगं उभं हाये. गेममधल्या गड्याले पलंगावर निजवतो अन् पाईप बदलून येतो.